तहसील, महसूल, हाशील

मागच्या जूनमध्ये मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला काढायला माळशिरसच्या तहसील कार्यालयात गेलो होतो. प्रवेशाचे दिवस, त्यामुळे गर्दी होती आणि माझा नंबर यायला वेळ होता. अशा वेळी माणूस भिंती वाचतो. मीही वाचत बसलो. बाहेर 'तहसील कार्यालय', आत 'महसूल'. बाकावर शेजारी एक म्हातारबा होते, हातात सातबाऱ्याची गुंडाळी. आधारकार्ड घरीच राहिल्याचे त्यांच्या लक्षात आले तसे ते नातवाला म्हणाले, "ऊठ रं. कागुदच न्हाई तर हितं बसून काय हाशील?"

तहसील, महसूल, हाशील. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे हे तीन शब्द लागोपाठ कानावर पडले की मला राहवत नाही. एका आईची तीन लेकरे एका इमारतीत पाच मिनिटांत भेटली होती. मराठीत मात्र त्यांची एकमेकांशी ओळख नाही.

ज्यांनी उर्दू-अरबी शिकलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. अरबीतला शब्द व्यंजनांच्या सांगाड्यावर उभा राहतो. ही व्यंजने बहुतेक वेळा तीन असतात. उर्दूत त्याला 'माद्दा' म्हणतात. ह-स-ल या माद्द्यात मिळणे, हाती येणे हा अर्थ नुसता पडून असतो. तो कोणी तसाच उच्चारत नाही. त्यात ठरलेल्या जागी ठरलेले स्वर भरले, गरजेप्रमाणे मागेपुढे एखादे अक्षर जोडले की शब्द तयार होतो. 'हासिल' म्हणजे हाती आलेले. आपले 'हाशील' ते हेच. 'महसूल' म्हणजे मिळवले गेलेले, गोळा झालेले. 'तहसील' म्हणजे गोळा करण्याची क्रिया. (वसूल मात्र दुसऱ्या घरचा. त्याचा माद्दा व-स-ल, म्हणजे पोहोचणे, जोडले जाणे. गझलेतला 'वस्ल' त्याचा भाऊ. तलाठ्याची वसुली आणि शायराचा वस्ल एका रक्ताचे आहेत हे सांगितले की मुले हमखास हसतात.)

स्वरांच्या या साच्याला 'वज़न' म्हणतात, किराणा दुकानातलेच वजन. साचे ओळखता यावेत म्हणून अरबी व्याकरणकारांनी फ-अ-ल, म्हणजे 'करणे', हा माद्दा नमुन्याला घेतला. करणाऱ्याचा साचा 'फाइल'. वर्गात हे पहिल्यांदा सांगतो त्या दिवशी एक तरी मुलगा दप्तरातून फाईल बाहेर काढतो. ज्याच्यावर क्रिया झाली त्याचा साचा 'मफऊल'. नजरवरून मंजूर, म्हणजे नजरेखालून गेलेले. जुलूमवरून मजलूम. हम्दवरून महमूद. आमच्या हजेरीपटात हामिद, हमीद, अहमद, महमूद, मुहम्मद ही नावे एकाखाली एक येतात. पाचही नावे ह-म-द या एकाच माद्द्याची, म्हणजे स्तुतीची. वजन बदलते तसा मुलगा बदलतो.

हे कळल्यापासून मला तालुक्यातून नीट चालता येत नाही, सगळीकडे भावंडे दिसतात. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम आणि आपण टाकतो ते कदम एकाच घरचे. मुकादम म्हणजे पुढे केलेला. अंमल, अंमलदार, समन्सची तामील आणि जुना मामलेदार, सगळे अ-म-ल, काम करणे. दाखल, दाखला आणि दखल. खलास आणि खुलासा. रब्बीचा हंगाम आणि रबीउल अव्वल महिना. महाल, मोहल्ला आणि हलाल या तिघांचेही मूळ एक आहे, यावर तर आमच्याच लोकांचा विश्वास बसत नाही. ह-ल-ल म्हणजे गाठ सोडणे. ओझे सोडून माणूस उतरला ती जागा मोहल्ला झाली आणि ज्यावरचे बंधन सुटले ते हलाल.

काही भावंडे फारच लांब गेली. 'तालीम' म्हणजे शिक्षण. इल्म, मालूम, उलेमा हे तिचे घरचे लोक. मराठीत आल्यावर ती पुस्तक सोडून लाल मातीत उतरली, लंगोट आणि मुद्गल घेऊन. 'कायदा'चे अनेकवचन 'कवाइद'. उर्दूच्या तासाला मी कवाइद शिकवतो म्हणजे व्याकरण, आणि त्याच वेळी मैदानावर पीटीचे सर कवायत घेत असतात. शब्द एकच. 'हाल'चे अनेकवचन 'अहवाल', जो आपण दर महिन्याला वर पाठवतो. 'इफ्रात' म्हणजे अतिरेक आणि 'तफ्रीत' म्हणजे उणीव. फ-र-त या एका माद्द्याची ही दोन टोके मराठीने एकत्र बांधली आणि पतसंस्थेत जे होते त्याला अफरातफर हे नाव दिले.

आता हे सगळे लिहायला का बसलो ते सांगतो. चार-पाच वर्षांपूर्वी, मी दुसऱ्या एका शाळेत असताना, २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी एका सहकाऱ्याने मराठीत घुसलेल्या परक्या शब्दांची यादी केली. मुलांनी प्रत्येकापुढे शुद्ध मराठी शब्द लिहायचा, असा उपक्रम. सहकारी सज्जन माणूस, मनात काही वाकडे नव्हते. यादी माझ्याकडे देऊन म्हणाले, "सर, यातले तुमचे कोणते तेवढी खूण करून द्या."

मी खुणा करून दिल्या. साठ-पासष्ट शब्द होते. खरे सांगतो, खुणा करताना मला मोठी ऐट वाटत होती. हुकूम आमचा, हिशेब आमचा, तारीख आमची, वकील आमचा. जणू वडिलोपार्जित जमिनीचा सातबारा माझ्या नावावर निघत होता. यादीत 'तपशील' नव्हता. तप आणि शील असे दोन संस्कृत डोळे लावून तो बसलेला, त्यामुळे सहकाऱ्यांच्या तावडीतून सुटला होता. मी तोही खाली लिहिला: फ-स-ल, वेगळे करणे. तहसीलच्या वजनावर तफसील, फैसला त्याचा भाऊ, महसुलाचे फसली सन त्याच कुटुंबातले. फ चा प झाला एवढेच.

यादी आठवीच्या वर्गात फळ्यावर गेली. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला, वाडीवरून सायकलने येणारा. म्हणाला, "सर, माझा बाप टोळीचा मुकादम हाय. मग त्यो मुसलमान झाला का?" वर्ग हसला, मीही हसलो. पण तो विचारत होता, चेष्टा करत नव्हता. पुढे म्हणाला, "आन माझी आजी तक्रार म्हनती, हाशील म्हनती. तिनं काय म्हनायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हते. तास संपला म्हणून सुटलो.

त्याच आठवड्यात आणखी एक फजिती झाली. खुणा करून दिल्याच्या जोशात मी मुलांना सांगितले होते की करार आणि तक्रार ही भावंडे आहेत. एका वयस्क मौलाना साहेबांना मोठ्या उत्साहाने हे ऐकवले. त्यांनी शांतपणे विचारले, "बेटा, काफ कौनसा है?" करारमधला क घशातला, मोठा काफ, क़-र-र म्हणजे स्थिर होणे, इकरार त्याचा भाऊ. तक्रारमधला क साधा. क-र-र म्हणजे पुन्हा पुन्हा करणे. एकच गोष्ट परत परत बोलणे यावरून कुरबूर, कुरबुरीवरून कागदावरची तक्रार. दोन वेगळी घराणी, मराठीने दोघांना एकच क दिला. नजर आणि नजराणा यांचेही तसेच आहे. नजरमधला ज वेगळा, आणि नजराणा निघतो त्या 'नज़्र'मधला, म्हणजे नवस-भेटीमधला, ज वेगळा. उर्दू लिपीत दोन अक्षरे दिसतात, देवनागरीत एकच दिसते. बी.एड. झालेला उर्दूचा मास्तर मी, आणि मराठी कानाने फसलो होतो.

ही फजिती मला उपयोगी पडली. मराठीच्या कानाला माद्दा ऐकूच येत नाही. माझ्याही नाही. मराठीने अरबीतून, बहुतेक वेळा फारसीच्या हातून, तयार शब्द घेतले. ते तयार करणारे यंत्र घेतले नाही. बाजारातून घडवलेली भांडी आणली, चाक कुंभाराकडेच राहिले.

ते चाक किती जबरदस्त आहे हे बघायचे तर परके शब्द त्यावर चढतात तेव्हा बघावे. 'कानून' मूळचा ग्रीक. अरबीने त्याचे अनेकवचन आपल्या साच्यात 'कवानीन' केले. फिल्मचे 'अफलाम', बँकेचे 'बुनूक'. टेलिफोन आला तर त्यातून त-ल-फ-न अशी चार व्यंजने काढून 'फोन करणे' हे क्रियापद घडवले. आणि माझा सगळ्यात आवडता शब्द, 'नजाकत'. हा अरबी नाहीच. फारसी 'नाज़ुक' घेतला, त्यातली व्यंजने सोलून काढली आणि कोणा रसिकाने ती अरबी साच्यात ओतली. अरबस्तानाशी संबंध नसलेला अरबी चेहऱ्याचा शब्द. लावणीच्या नजाकतीला दाद देणाऱ्यांना कुठे ठाऊक असते की आपण एका घडवलेल्या, जवळजवळ बनावट शब्दाला दाद देतोय.

असे शब्द घडवता येतात म्हटल्यावर अख्खी भाषाच घडवावी असे कोणाला वाटले नसेल का? वाटले. सोळाव्या शतकात उस्मानी साम्राज्यातल्या मुह्यी गुल्शनी नावाच्या सूफीने 'बालैबलन' ही भाषा रचली. अक्षरे अरबी, व्याकरण अरबी-फारसी-तुर्कीच्या वळणाचे, शब्द मात्र बव्हंशी त्याने स्वतः केलेले. माणसाने ठरवून केलेल्या आणि आपल्यापर्यंत पोहोचलेल्या भाषांत ही फार जुनी. एस्पेरांतोच्या तीनशे वर्षे आधीची. सिलसिल्यातल्या लोकांपलीकडे ती कोणी बोलले नाही. विसाव्या शतकात इंग्रज कादंबरीकार टॉल्किन यांनी आपल्या कथांमधल्या बुटक्यांसाठी भाषा केली तेव्हा त्यांनी अरबी-हिब्रूची ही व्यंजनांची रीत वापरली. बुटक्यांची जमात 'खझाद', त्यांची भाषा 'खुझ्दुल', माद्दा ख-झ-द. दोन्ही शब्द शेजारी ठेवले की अरबी शिकलेल्याला लगेच ओळख पटते.

खरी कसोटी लागली ती हिब्रूची. ती अरबीची बहीण, तिचेही शब्द असेच व्यंजनांवर उभे. शतकानुशतके ती प्रार्थनेत आणि ग्रंथांत राहिली, घरात बोलायची भाषा नव्हती. बेन येहुदा १८८१ मध्ये जेरुसलेमला गेले आणि त्यांनी व त्यांच्यानंतरच्या लोकांनी जुन्या माद्द्यांतून नव्या वस्तूंसाठी शब्द पाडले. संगणकाला हिब्रूत 'मख्शेव' म्हणतात, ह-श-व या माद्द्यावरून. अरबीत त्याचा जुळा भाऊ ह-स-ब, म्हणजे आपला हिशेब, आणि अरबीत संगणकाला एक शब्द आहे 'हासूब'. मराठीने काय केले? संस्कृतचा गण् धातू घेतला, पुढे सम्, मागे अक, झाला संगणक. तिघांनीही नवे यंत्र मोजण्याच्या जुन्या क्रियेवरच बसवले.

हिब्रू आपल्याला दूरची वाटते, पण कोकणात कुलाबा जिल्ह्यात तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली', म्हणजे बेने इस्राएल, मराठीच बोलत. त्यांच्यासाठी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे प्राथमिक व्याकरण मराठीतून छापले. म्हणजे व्यंजनांच्या मुळांतून शब्द कसे निघतात हे मराठीत समजावून सांगण्याचे काम जवळपास दोनशे वर्षांपूर्वी झालेले आहे, आणि ते यहुदी मराठ्यांसाठी झाले. त्यांच्या लग्नाचा करारनामा 'केतुबा' आणि आमची 'किताब' एकाच क-त-ब ची, लिहिण्याची.

आता घरच्या मोठ्या प्रयोगाकडे येतो. ६ जून १६७४ ला शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्या सुमारास त्यांच्या सांगण्यावरून रघुनाथ पंडितांनी, म्हणजे रघुनाथ नारायण हणमंते यांनी, 'राज्यव्यवहारकोश' रचला. राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग असे दहा वर्ग, तेराशेहून अधिक शब्द, संस्कृत श्लोकांत. दरबारात, कारखान्यात, गडावर रोज लागणारा फारसी-अरबी शब्द द्यायचा आणि त्याला संस्कृत प्रतिशब्द द्यायचा. पेशवा झाला पंतप्रधान, मुजुमदार झाला अमात्य, डबीर झाला सुमंत, सरनोबत झाला सेनापती.

आमच्यातले काही लोक या कोशाचे नाव निघाले की गप्प होतात. मला तसे वाटत नाही. नवे राज्य उभे करणाऱ्याला आपल्या कागदावर आपल्या पंडितांची भाषा हवी असणे यात विशेष काय? तीच गोष्ट उस्मानी सुलतानाच्या मोडीत निघालेल्या साम्राज्यावर तुर्कस्तानने १९३२ नंतर केली आणि अरबी-फारसी शब्द काढून तुर्की धातूंतून नवे शब्द पाडले. तेही मुसलमानच होते.

मला कोशात रस आहे तो कारागिरीसाठी. हणमंत्यांच्या हाती जे यंत्र होते ते पाणिनीचे. तिथेही मूळ असते, धातू. तिथेही पोटातला स्वर बदलतो: विद्, वेद, वैद्य. पण मुख्य जोर मागेपुढे जोडण्यावर, उपसर्ग आणि प्रत्यय. अरबी शब्द आतून वाढतो, संस्कृत शब्द दोन्ही टोकांनी वाढतो. आठव्या शतकात बसऱ्याला खलील बिन अहमद यांनी तीन व्यंजनांच्या सगळ्या उलटापालटी मांडून अरबीचा पहिला कोश रचला. त्यांच्या कितीतरी आधी पाणिनीची अष्टाध्यायी आणि धातुपाठ तयार होते. व्याकरणवेडे लोक दोन्हीकडे होते.

कोशाचे पुढे काय झाले हे मजेशीर आहे. अमात्य, सचिव, सेनापती टिकले. आजही मंत्रालयात सचिव बसतात. इतिहासाचार्य राजवाडे यांनी जुनी पत्रे ताडून दाखवले की शिवकाळाच्या आधीपासून पेशवाईपर्यंत कागदपत्रांतले फारसीचे प्रमाण उतरत गेले. पण १७१३ मध्ये शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना नेमले ते पद लोकांच्या तोंडी 'पेशवा'च राहिले. मुद्रेवर 'मुख्य प्रधान' कोरलेले, आणि राज्याला नाव पेशवाई. मुजुमदाराचा अमात्य झाला तरी मुजुमदार मेला नाही. तो आडनाव होऊन ब्राह्मण घरांत राहिला. त्याचा माद्दा ज-म-अ, म्हणजे एकत्र करणे: जमा, जमाखर्च, जमाबंदी, जमात, जुम्मा, जामा मशीद. जुम्म्याची नमाज पढणारा आणि मुजुमदार आडनाव लावणारा, दोघे एकाच व्यंजनांचा वारसा सांभाळतात.

विसाव्या शतकात सावरकरांनी रत्नागिरीत स्थानबद्ध असताना भाषाशुद्धीची चळवळ चालवली. दिनांक, क्रमांक, हुतात्मा, महापौर हे त्यांच्या नावे सांगितले जाणारे शब्द. मी दिनांक रोज फळ्यावर लिहितो. सुटसुटीत शब्द आहे, रागावण्यासारखे त्यात काही नाही. गंमत माधव जूलियन यांची. फारसीचे प्राध्यापक, मराठीत गझल रुजवणारे, १९२५ चा 'फार्शी-मराठी कोश' त्यांचा. या माणसाइतकी फारसी शब्दांची माहिती असलेले मराठी कवी थोडेच, आणि तेच पुढे भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले. १९३८ मध्ये त्यांनी 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. मला हे कोडे सुटलेले नाही. कदाचित ज्याला प्रत्येक शब्दाचे मूळ दिसते त्याला बोलताना सारखे ठेचकाळायला होत असेल. मुकादमाच्या पोराला तसे होत नाही.

आमच्या घरचेही सांगायला हवे, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. अठराव्या शतकात दिल्लीत शाह हातिम यांनी आपल्या शायरीतून भाखेचे, म्हणजे देशी बोलीचे शब्द काढून टाकले आणि तसे लिहून ठेवले. पुढे लखनौत नासिख आणि त्यांच्या शागिर्दांनी कोणते शब्द वर्ज्य ते ठरवले. त्या यादीला नाव 'मतरूकात', टाकलेले शब्द. त-र-क, मफऊलचा साचा. त्या छाननीत आमची दखनी पार गावंढळ ठरली. माझी दादी आयुष्यभर 'नक्को' म्हणाली. नको हा मराठीचा शब्द दखनीने उचलला आणि पार हैदराबादपर्यंत नेला. मी बी.एड.ला असताना दोस्तांसमोर तिने 'नक्को' म्हटले तर मला शरम वाटायची. म्हणजे शुद्धीची यादी माझ्याही डोक्यात होती, फक्त उलट्या बाजूची.

दादी शाळेत गेली नव्हती. कचेरीत जाताना ती 'मामलेदार' म्हणायची आणि शेजारची माळ्याची म्हातारीही 'मामलेदार'च म्हणायची. अ-म-ल हा माद्दा दोघींनाही ठाऊक नव्हता. दादी मुसलमान होती म्हणून तो शब्द तिचा थोडा जास्त होता, असे मी कोणत्या हिशेबाने म्हणालो असतो?

मराठीने या शब्दांना जे केले ते पाहण्यासाठी आम्हा शिक्षकांच्या जिव्हाळ्याचा शब्द घ्या, बदली. ब-द-ल. अरबीत यातून तब्दील निघते, मुबादला निघतो, सूफींमधले अब्दाल निघतात. मराठीने यातले साचे सोडून दिले आणि आपले प्रत्यय लावले: बदलणे, बदलून, बदलता, बदलवणे, बदली, बदल्या. वर आपल्या सवयीने जोडी जमवली, अदलाबदल. हुकूम घेऊन त्याला फारसी 'शाही' जोडून मराठीने 'हुकूमशाही' केला. हिंदीवाले तानाशाही म्हणतात. तीच शाही संस्कृत 'लोक'ला लावून लोकशाही. साक्षी संस्कृत, दार फारसी, साक्षीदार मराठी. अंमलबजावणी तर बघा: अंमल अरबी, बजा फारसी, वणी आपली. १९६६ च्या 'महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमा'च्या नावात जमीन फारसी, महसूल अरबी, अधिनियम संस्कृत यंत्रातला. आणि ज्याला माझी दादी मामलेदार म्हणायची त्याचे अधिकृत नाव आता तहसीलदार. एक अरबी माद्दा गेला, दुसरा खुर्चीवर बसला.

शाळेतल्या त्या यादीचे पुढे असे झाले. मी सहकाऱ्यांकडे गेलो आणि म्हणालो की माझ्या खुणा पुसायच्या आहेत. ते म्हणाले, "का? चुकल्या का?" मी म्हणालो, एक-दोन चुकल्या होत्या, बाकीच्या बरोबर आहेत, पण 'तुमचे कोणते' या प्रश्नाला मी उत्तर द्यायला नको होते. ते जरा ओशाळले. मग दोघांनी मोल्सवर्थचा १८५७ चा शब्दकोश काढला. त्यात मूळ अरबी, फारसी, संस्कृत की देशी ते शब्दाजवळ अक्षराने दाखवलेले असते. पुढच्या तासाला मुलांना सांगितले की प्रतिशब्द शोधू नका. घरी, शेतात, कचेरीत बोलताना ऐकलेले शब्द वहीत लिहून आणा, आपण इथे त्यांची भावंडे लावू. संगणक आणि गणित, गणना आणि गणपती अशी संस्कृतची कुटुंबेही लावली. मुलांना ती बाजू तितकीच आवडली.

मुकादमाच्या पोराने आजीकडून बावीस शब्द आणले. त्यातल्या सातांचा पत्ता मला लागला नाही. ते अजून माझ्या वहीत आहेत, समोर जागा मोकळी ठेवून. त्याला सांगितले की तुझ्या बापाचा मुकादम म्हणजे पुढे चालणारा, कदमचा भाऊ. त्याने विचारले, "आन उचल? मुकादम उचल घेतो त्यो शब्द?" तो आपलाच, मराठी, उचलणेवरून, असे मी म्हणालो आणि 'आपलाच' म्हणताना थोडा अडखळलो. त्याच्या ते लक्षात आले नसावे.

दाखला त्या दिवशी मिळाला नाही. एक झेरॉक्स माझ्याकडून राहिली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.